पेन्शनीतले हेर : ‘रेड 2’ नेमका कसा चालतो?

जालना एमआयडीसीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेल्या प्रसंगांच्या जागी त्यांचं थोडक्यात वर्णन दिलं आहे.

पहिली शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता तुम्ही इथे आलात, म्हणून आधी आभार. पंख्यांचा आवाज आहे, बाहेर ट्रक आहेत, तेव्हा मागे ऐकू येत नसेल तर बिनधास्त हात वर करा.

आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी विचारलं, की हाणामारीचा, हसायचा सिनेमा, त्याच्यावर व्याख्यान ते काय द्यायचं? रास्त प्रश्न आहे. ‘रेड 2’ हा 2013 सालचा हॉलिवूडचा सिनेमा. डीन पॅरिसो त्याचे दिग्दर्शक. ब्रूस विलिस, जॉन मालकोविच, हेलन मिरेन, मेरी-लुईस पार्कर, अँथनी हॉपकिन्स, कॅथरीन झीटा-जोन्स आणि कोरियाचा ली ब्युंग-हुन, एवढी मंडळी त्यात आहेत. गाड्या उडतात, बॉम्ब शोधला जातो, पॅरिस-लंडन-मॉस्को अशी पळापळ होते. तो महान सिनेमा आहे असा आमचा दावा नाही. पण तो ज्या कल्पनेवर उभा आहे ती कल्पना या शेडच्या आवारात बसलेल्या प्रत्येकाच्या जवळची आहे. माणूस कामावरून निवृत्त झाला, की त्याच्या डोक्यातल्या कामाचं काय होतं?

सुरुवात पहिल्या भागापासून करावी लागेल, कारण दुसरा भाग पहिल्याच्या खांद्यावर बसलेला असतो. ‘रेड’ म्हणजे लाल नव्हे. ‘रिटायर्ड, एक्स्ट्रीमली डेंजरस’ या शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. निवृत्त, पण अत्यंत धोकादायक. सिनेमात सीआयएच्या फायलीवर हा शिक्का असतो. मूळ गोष्ट वॉरन एलिस आणि कली हॅमनर यांच्या तीन अंकांच्या कॉमिकची. ते कॉमिक 2003 आणि 2004 मध्ये आलं. त्यात विनोद जवळजवळ नाहीच. एक निवृत्त मारेकरी, नव्या साहेबाला त्याची भीती वाटते, साहेब त्याला मारायला माणसं पाठवतो आणि मग हा म्हातारा सगळ्यांचा हिशोब करतो. रक्तबंबाळ, एकाकी गोष्ट आहे. जॉन आणि एरिक होबर या पटकथाकार भावांनी तिच्यातला एकटा म्हातारा घेतला आणि त्याला मित्र दिले. एवढ्या एका बदलाने शोकांतिकेची विनोदी गोष्ट झाली. एकटा निवृत्त माणूस बघवत नाही. चार निवृत्त माणसं एका कट्ट्यावर बसली, की गंमत सुरू होते. हे तुम्हाला कुठल्याही गावाच्या पारावर बघायला मिळेल.

2010 च्या त्या पहिल्या सिनेमाची सुरुवात आठवा. फ्रँक मोझेस नावाचा निवृत्त हेर एकटाच राहतो. महिन्याला त्याला पेन्शनचा चेक येतो आणि तो चेक तो स्वतःच्या हाताने फाडतो. का, तर पेन्शन कचेरीत फोन करून ‘माझा चेक आला नाही’ असं सांगता यावं म्हणून. फोन उचलणारी सारा नावाची बाई आहे, आणि त्याला तिच्याशी बोलायचं आहे. (हशा) तुम्ही हसलात. पण ज्यांनी पेन्शनसाठी कचेरीच्या खेपा घातल्यात ते जरा उशिरा हसले, हे आम्ही इथून पाहिलं. आपल्याकडे चेक न फाडताही ‘आला नाही’ म्हणून फोन करावा लागतो.

हेरपटांत पेन्शनचा विषय निघतच नाही. जेम्स बाँड कधी प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म भरताना दिसलाय? मजा अशी, की इयान फ्लेमिंगच्या ‘मूनरेकर’ या कादंबरीत बाँडच्या खात्यातला निवृत्तीचा नियम दिलेला आहे. पंचेचाळीस वर्षं. पडद्यावर मात्र रॉजर मूर 1985 च्या शेवटच्या बाँडपटात 57 वर्षांचे होते आणि कोणी त्यांना निरोपाचा नारळ देत नव्हतं. वय लपवायचं हीच त्या सिनेमांची रीत. ‘रेड’ने ती उलटी केली. तिथे वय हीच गोष्ट आहे. ‘रेड 2’ जुलै 2013 मध्ये आला तेव्हा ब्रूस विलिस 58 वर्षांचे होते. अठ्ठावन्न! हा आकडा या सभागृहात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. ईपीएस-95 चं पूर्ण पेन्शन ज्या वयाला सुरू होतं तेच वय. मालकोविच 59, हेलन मिरेन 67, हॉपकिन्स 75.

आता विनोद कसा तयार होतो ते पाहू. ढोबळमानाने निवृत्त माणसावर दोन तऱ्हेने हसता येतं. एक तऱ्हा सोपी आणि आळशी आहे. त्याला ऐकू येत नाही, मोबाईल चालवता येत नाही, गुडघे दुखतात. आपल्याकडच्या पुष्कळ मालिका याच्यावरच चालतात. दुसऱ्या तऱ्हेत म्हाताऱ्याला सगळं येतं, फक्त समोरच्याला ते माहीत नसतं. ‘रेड’चे दोन्ही भाग प्रामुख्याने दुसऱ्या तऱ्हेवर चालतात. म्हणजे हसण्याचा रोख म्हाताऱ्यावर राहत नाही, त्याला मोडीत काढणाऱ्या तरुण साहेबावर जातो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मार्व्हिन. मालकोविच यांनी ही भूमिका केली आहे. मार्व्हिनला सगळीकडे कट दिसतात. विमानतळावरची साधी बाई दिसली तरी तो म्हणतो, ही आपल्या मागावर आहे. सगळे त्याला वेड्यात काढतात, आपणही काढतो. थोड्या वेळाने तीच बाई रॉकेट डागायची नळी घेऊन समोर उभी राहते. लेखनातली युक्ती अशी आहे, की प्रेक्षकाने मार्व्हिनवर हसायचं, मग तो बरोबर निघाल्यावर स्वतःवर हसायचं. ही युक्ती एकदा जमली तर पुन्हा करता येते, पण तशीच्या तशी करता येत नाही. दुसऱ्या भागाची खरी अडचण इथून सुरू होते.

पहिल्या भागाने एक प्रश्न विचारला होता. निवृत्त माणूस अजून कामाचा आहे का? सिनेमाच्या शेवटापर्यंत उत्तर मिळालं, आहे. आता दुसऱ्या भागात तोच प्रश्न विचारून चालणार नाही, कारण उत्तर प्रेक्षकाला ठाऊक आहे. म्हणून होबर बंधूंनी दुसरा प्रश्न घेतला. कामाचा आहे हे ठरलं, पण त्याला काम नको असेल तर? सिनेमा सुरू होतो तेव्हा फ्रँक आणि सारा एका अवाढव्य घाऊक दुकानात ढकलगाडी घेऊन फिरतायत. फ्रँक खूश आहे. त्याला घर हवंय, अंगण हवंय, घरगुती सामान हवंय. मार्व्हिन येऊन सांगतो की काहीतरी शिजतंय, फ्रँक ऐकत नाही. दुकानाबाहेर मार्व्हिनची गाडी उडते. अंत्यविधीला फ्रँक शवपेटीजवळ जातो ते दुःखाने आणि संशयानेही, कारण मार्व्हिन मेला यावर त्याचा विश्वास बसत नाही. आणि तो अर्थातच मेलेला नसतो.

दुसरीकडे सारा घरात कंटाळली आहे. पहिल्या भागात ती पेन्शन कचेरीतली कारकून होती, योगायोगाने धुमश्चक्रीत सापडली आणि तिला ते आवडलं. आता निवृत्त माणसाला शांतता हवी आणि त्याच्या बायकोसारख्या बाईला थरार हवा. फ्रँक तिला सुरक्षित ठेवायला बघतो, मार्व्हिन गुपचूप तिच्या हातात पिस्तूल देतो. आमच्या मते दुसऱ्या भागाचा जीव या भांडणात आहे, बॉम्बमध्ये नाही. ज्या घरांत नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरात बसायला लागतो त्या घरांत हे भांडण वेगळ्या रूपात चालूच असतं. चाळीस वर्षं तो सकाळी सातला बाहेर पडायचा, आता तो स्वयंपाकघरात येऊन डाळीला फोडणी कशी द्यायची ते सांगतो. (हशा, टाळ्या) टाळ्या बायकांच्या बाजूने जास्त आल्या, याची नोंद घ्यावी.

हेलन मिरेन यांची व्हिक्टोरिया हा या मालिकेतला दुसरा हुकमाचा पत्ता. ब्रिटिश गुप्तहेर खातं तिला फ्रँकला मारायची सुपारी देतं. मैत्रीचा धर्म म्हणून ती फ्रँकला फोन करून सांगते, बाबा रे, तुझी सुपारी माझ्याकडे आलीय. फोनवर बोलता बोलता ती प्रेतांची विल्हेवाट लावत असते, आवाज मात्र चहाला बोलावल्यासारखा. पुढे तिला वेड्यांच्या इस्पितळात घुसायचं असतं, तर ती आपण इंग्लंडची राणी असल्याचं सोंग घेते. याच्यात आतला विनोद असा, की ‘द क्वीन’ या 2006 च्या सिनेमात राणी एलिझाबेथची भूमिका करून याच बाईंनी ऑस्कर मिळवलं होतं. ज्याला हे माहीत त्याला दुप्पट मजा, ज्याला माहीत नाही त्याचंही काही अडत नाही. दुसऱ्या भागातला असा विनोद किती असावा याचं हे चांगलं माप आहे.

आता कमतरता. पात्रं फार झाली आहेत. झीटा-जोन्स यांची रशियन हेर ही फ्रँकची जुनी मैत्रीण, ती साराला जळवायला आणली आणि मग कथेला तिचं काय करावं ते कळेना. शहरं बदलतात तसा दम लागतो. पहिल्या भागात माणसं भेटायला जायची, दुसऱ्यात ती नुसती पोचतात. तिकीटबारीचा हिशोब जवळपास हेच सांगतो. पहिला भाग सुमारे 5 कोटी 80 लाख डॉलरमध्ये झाला आणि जगभरात त्याने 20 कोटींच्या आसपास कमावले. दुसऱ्याला खर्च आला साडेआठ कोटींच्या घरात आणि कमाई राहिली 15 कोटींच्या आत. एक गमतीची गोष्ट जाता जाता. ‘रेड 2’ ज्या दिवशी अमेरिकेत लागला त्याच दिवशी ‘आर.आय.पी.डी.’ नावाचा आणखी एक विनोदी हाणामारीपट लागला. त्याचे दिग्दर्शक रॉबर्ट श्वेंटके, म्हणजे पहिल्या ‘रेड’चेच दिग्दर्शक. आणि मेरी-लुईस पार्कर दोन्हीकडे! स्वतःच्याच दुकानासमोर दुकान.

त्याच वर्षी, 2013 च्या जूनमध्ये, आपल्याकडे ‘झपाटलेला 2’ आला होता. महेश कोठारेंचा पहिला ‘झपाटलेला’ 1993 चा, मध्ये वीस वर्षं गेली. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्ये गेले होते. म्हणजे कोठारेंपुढे ‘रेड’वाल्यांपेक्षा अवघड गणित होतं, कारण ज्याच्यामुळे पहिला भाग चालला तो माणूसच नाही. त्यांनी गोष्ट पुढच्या पिढीकडे नेली, बाहुला तात्या विंचू मात्र तोच ठेवला आणि थ्रीडी आणलं. रामदास पाध्यांच्या बाहुल्याला म्हातारपण नसतं, हा त्याचा फायदा. (हशा)

पण निवृत्त माणूस पुन्हा हत्यार उचलतो, या गोष्टीचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा नमुना तमिळमध्ये झाला आणि तो करणारा नट मराठी घरातला आहे. शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत. बंगळुरूच्या मराठी कुटुंबात जन्म, आधी बसकंडक्टर. ऑगस्ट 2023 मध्ये ‘जेलर’ आला तेव्हा ते 72 वर्षांचे होते. त्यात ते निवृत्त तुरुंगाधिकारी आहेत, नातवाबरोबर खेळतात, घरातली बारीकसारीक कामं करतात, घरच्यांना वाटतं आजोबा साधे आहेत. मग गरज पडल्यावर देशभरातले जुने ओळखीचे लोक गोळा करतात. साचा ‘रेड’चाच, तरी भाव वेगळा. फ्रँकला घरात शांतता हवी असते आणि मिळत नाही. आपल्या आजोबांना घरात किंमत हवी असते. 2025 च्या सुरुवातीला ‘जेलर’चाही दुसरा भाग जाहीर झाला.

आता हेरगिरीचा मसाला म्हणजे सोंग. ‘रेड 2’मध्ये सोंगं पुष्कळ आहेत, पण सोंगाच्या विनोदासाठी जालनेकरांना लंडनला जायची गरज नाही. (हशा) अजून सांगितलं नाही, तरी तुम्ही हसताय. ऑगस्ट 2022. आयकर खात्याची माणसं जालन्यात धाड घालायला आली ती वरातीच्या गाड्यांतून. गाड्यांच्या काचांवर ‘राहुल वेड्स अंजली’चे स्टिकर. रस्त्यावरच्या माणसाला वाटलं, लग्नाची मंडळी चाललीत. परवलीचा शब्द म्हणे ‘दुल्हन हम ले जायेंगे’ असा होता. त्या वेळी छापून आलं त्याप्रमाणे सुमारे 56 कोटी रुपये रोख आणि 32 किलो सोनं हाती लागलं, आणि नोटा मोजायलाच तेरा तास लागले. कोणाचं काय झालं तो कोर्टकचेऱ्यांचा विषय, तो आपला नाही. आपला विषय सोंग. चांगलं सोंग कोणतं? जे बघणाऱ्याच्या मनात आधीपासून असतं ते. मराठवाड्यातल्या रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली तर माणूस लग्न समजतो, तेव्हा त्या गाड्या कोणाच्या हे विचारत नाही. व्हिक्टोरियाची राणी याच नियमावर चालते. वेड्यांच्या इस्पितळात स्वतःला राणी म्हणवणारी बाई ही कोणाला नवल वाटणारी गोष्ट नसते. आणि निवृत्त हेराचं सगळ्यात मोठं सोंग म्हणजे त्याचं वय. म्हाताऱ्या माणसाकडे कोणी बघतच नाही.

आता बॉम्बकडे येऊ, कारण त्याचा या गावाशी खराच संबंध आहे. सिनेमात ‘नाइटशेड’ नावाची जुनी मोहीम आहे. शीतयुद्धाच्या काळात एक अणुबॉम्ब सुटा सुटा करून मॉस्कोत नेला आणि तो तिथेच राहिला. बनवणारा शास्त्रज्ञ डॉ. बेली, म्हणजे हॉपकिन्स, याला त्याच्याच सरकारने तीन दशकांहून जास्त काळ वेड्यांच्या इस्पितळात कोंडून ठेवलं. त्याचा बॉम्ब चालतो ‘रेड मर्क्युरी’वर, म्हणजे लाल पाऱ्यावर, आणि तो कुठल्याही यंत्राला सापडत नाही.

लाल पारा नावाचा असा बॉम्बचा माल अस्तित्वात असल्याचं आजवर कधी सिद्ध झालेलं नाही. सोव्हिएत संघ मोडला त्या सुमाराला भामट्यांनी तो जगभर विकला, पोलिसांनी पकडला, तपासला की काहीतरी भलतंच निघायचं. 2009 मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगर शिलाई मशिनींत लाल पारा असतो, आणि लोकांनी त्या मशिनी वाटेल त्या भावाने घेतल्या. हसू नका फार. आपल्याकडे मांडूळ साप आणि ‘राइस पुलर’च्या भांड्यासाठी लाखो रुपये घालवलेली माणसं आहेत.

पण न दिसणारा, भंगारातून येणारा धोका खोटा नाही. आपल्या भट्ट्या भंगारावर चालतात. भंगार येतं, वितळतं, बिलेट होतं, बिलेटची सळई होते. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय झालं ते ऐका. दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं, वर्षानुवर्षं पडून असलेलं यंत्र लिलावात काढलं. त्यात कोबाल्ट-60 होतं, किरणोत्सर्गी. भंगारवाल्यांनी ते सोडवलं, कापलं. माणसं भाजल्यासारखी आजारी पडली, केस गेले, एकाचा जीव गेला. त्याआधी 2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं होतं, त्यांचं पोलाद भारतातून गेलेलं होतं. म्हणजे कुठेतरी भंगारात एक बंद डबी आली, ओळखली गेली नाही, भट्टीत गेली आणि पोलादात मिसळली. सिनेमातला बॉम्ब यंत्राला सापडत नाही. खरं कोबाल्ट यंत्राला ताबडतोब सापडतं, फक्त यंत्र दारात असायला हवं आणि चालू असायला हवं.

आणि यंत्राच्या आधी माणूस असायला हवा. पिवळ्यावर काळं तीन पात्यांचं चिन्ह, आकाराच्या मानाने फारच जड डबी, शिशाचं जाड आवरण, हे भंगाराच्या ढिगात पटकन कोणाला दिसतं? बंद सिलिंडर किंवा ओलं भंगार भट्टीत गेलं तर उसळी मारून अंगावर येतं, हे पुस्तकातही आहे, पण ढिगाकडे बघून ‘हा माल बाजूला काढ’ असं कोण म्हणतं? ज्याने वीस-पंचवीस वर्षं ढीग बघितलेत तो. जुना मेल्टर भट्टीचा आवाज बदलला की मान वळवतो. त्याला विचाराल तर कारण सांगता येईलच असं नाही. मार्व्हिनसारखंच आहे ते. सगळ्यांना वाटतं हा उगीच घाबरतो. आणि हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन गेटबाहेर पडतो. कंत्राटी असेल तर शालही नाही. त्याने काय पाहिलं ते कुठल्याही वहीत उतरलेलं नसतं.

‘रेड’च्या दोन्ही भागांत साहेबलोक निवृत्तांना मारायला निघतात ते त्यांच्या आठवणीसाठी. पहिल्यात ग्वाटेमालातलं जुनं प्रकरण, दुसऱ्यात नाइटशेड. कंपनीत उलटं होतं, आठवण बाहेर सोडून दिली जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. तिची सरकारी किंमतही ठरलेली आहे. ईपीएस-95 चं किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून महिना 1000 रुपये ठरलं. ते 7500 करावं म्हणून शेजारच्या बुलढाण्यात निवृत्तांनी डिसेंबर 2018 मध्ये साखळी उपोषण सुरू केलं. फ्रँकला चेक फाडणं परवडत होतं, हे लक्षात ठेवून तो पहिला प्रसंग पुन्हा बघा.

मग खऱ्या हेरांचं निवृत्तीनंतर काय होतं? आपल्याकडे ‘रॉ’ ही संस्था सप्टेंबर 1968 मध्ये उभी राहिली, रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख. काव 1977 मध्ये पायउतार झाले आणि इंदिरा गांधी परत आल्यावर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना सुरक्षा सल्लागार म्हणून पुन्हा बोलावलं गेलं. म्हणजे निवृत्त हेराला परत बोलावणं ही सिनेमावाल्यांची कल्पना नाही. पण काव जन्मभर जवळजवळ गप्पच राहिले. बोलणाऱ्यांना त्रास झाला. मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनी 2007 मध्ये ‘रॉ’च्या कारभारावर पुस्तक लिहिलं, तर त्यांच्या घरावर सीबीआयची धाड पडली आणि सरकारी गोपनीयता कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. सीमेपलीकडे आयएसआयचे माजी प्रमुख असद दुर्रानी यांनी ‘रॉ’चे माजी प्रमुख ए. एस. दुलत यांच्याबरोबर 2018 मध्ये गप्पांचं पुस्तक काढलं. 2019 मध्ये पाकिस्तानी लष्कराने त्यांचं पेन्शन आणि सवलती थांबवल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे 31 मे 2021 रोजी केंद्राने पेन्शन नियमांत दुरुस्ती केली. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांनी संस्थेच्या कामाशी संबंधित काहीही, अगदी तिथे काम केल्यामुळे मिळालेलं ज्ञानसुद्धा, संस्थाप्रमुखाच्या परवानगीशिवाय छापायचं नाही. नाहीतर पेन्शन रोखलं किंवा काढून घेतलं जाऊ शकतं. देशाची गुपितं राखावीत याबद्दल वाद नाही. पण ‘मिळालेलं ज्ञान’ हे शब्द फार रुंद आहेत. तीस वर्षं एखाद्या शेजारी देशाचा अभ्यास केलेल्या माणसाने वर्तमानपत्रात त्या देशावर लेख लिहावा की नाही? म्हणजे पुन्हा पेन्शन आणि तोंड यांची गाठ. ‘रेड’मध्ये हेरांवर बंदूक रोखतात, प्रत्यक्षात पेन्शन पुरतं.

जालन्यात बोलतोय आणि हेरांवर बोलतोय, तर बहिर्जी नाईकांचं नाव घेतल्याशिवाय उठता येणार नाही. नोव्हेंबर 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी जालनापूर लुटलं. परतताना मुघल फौजेने गाठलं, लढाईत सिधोजी निंबाळकर पडले, लुटीचं ओझं बरोबर आणि वाट अडलेली. तेव्हा बहिर्जींनी आडवाटेने, रात्रंदिवस चालवून फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेली. सभासदाच्या बखरीत ही हकीगत आहे. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून पट्ट्याला विश्रामगड म्हणतात. तलवारीचा पराक्रम नाही हा, वाट ठाऊक असण्याचा आहे. एवढा मोठा विषय आपल्या दारात पडलेला असताना मराठीत बहिर्जींच्या उतारवयावर, म्हणजे वाटा डोक्यात आहेत आणि पाय थकलेत अशा वयावर, कोणी सिनेमा का करत नाही, हे आम्हाला कोडं आहे. कारण बहुधा असं, की आपल्या ऐतिहासिक सिनेमात हसायला बंदी आहे.

शेवटी विचारलेल्या प्रश्नांतले दोन इथे देतो.

एका ताईंनी विचारलं, मुलांबरोबर बघता येईल का आणि आधी कोणता बघावा? गोळीबार भरपूर आहे, थोडं चावट बोलणं आहे, त्यामुळे लहान मुलं नकोत, कॉलेजातली चालतील. आधी पहिलाच बघा. दुसरा आधी पाहिला तर मार्व्हिन नुसता विक्षिप्त वाटेल. त्याच्यावर अकरा वर्षं सरकारने रोज एलएसडीचा प्रयोग केला, ही गोष्ट पहिल्या भागात कळते.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका काकांचा. तिसरा भाग का आला नाही? दुसऱ्याची कमाई पाहता निर्मात्यांचा हात आखडला असणार, हा आमचा अंदाज. आता तर तो होणे नाही. ब्रूस विलिस यांच्या घरच्यांनी मार्च 2022 मध्ये जाहीर केलं की त्यांना वाचाघात झाला आहे आणि ते अभिनय थांबवत आहेत. पुढच्या वर्षी निदान स्पष्ट झालं, स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. काकांनी परत विचारलं, मग त्यांना डायलॉग पाठ व्हायचे का? शेवटच्या काही वर्षांत कानात यंत्र लावून त्यांना संवाद सांगत असत, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या लोकांनी सांगितल्याचं छापून आलं होतं. ‘रेड 2’ त्याच्या पुष्कळ आधीचा. त्यात ते स्वतःच्या आठवणीने बोलतायत.